स्टिकरखालची चीर

उन्नती सोमकुवरनं मला पहिल्याच भेटीत वजन विचारलं आणि मला तिचा राग आला.

नागपूरच्या लक्ष्मीनगरातलं सायकलींचं ते दुकान मोठं आहे. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर टांगलेल्या लाख-दोन लाखांच्या सायकली. बँकेच्या नोकरीत पोट सुटलं, साखर वाढली, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी सायकल चालवायला लागलो होतो. वर्षभरातच आमच्या रविवारच्या ग्रुपनं टुमणं लावलं, की सायकल ठीक आहे, आता चाकं बदला. म्हणून मी तिथं गेलो. मालक धर्मेंद्र मला कार्बनची, उंच रिमची चाकं दाखवत होता. त्याच्या मागे स्टुलावर बसून तिशी ओलांडलेली एक बाई एका चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होती. चाक फिरवायची, एखादा स्पोक जरासा आवळायची, पुन्हा फिरवून बघायची. मान वर न करता तिनं विचारलं, "सर, वजन किती तुमचं?"

"काहून?" मी म्हटलं.

"या चाकात वीसच स्पोक आहेत. आन् तुम्ही चालवता कोणत्या रोडवर?"

धर्मेंद्र हसला. "उन्नती, तू तुझं काम कर नं वं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मनावर घेऊ नका सर. हिचा बाप सायकलरिक्षे दुरुस्त करे. हिले सारी चाकं रिक्षाचीच वाटतात."

मीही हसलो. तिनं चाक पुन्हा फिरवलं आणि मी ती कार्बनची जोडी विकत घेतली.

माझं वजन तेव्हा चौऱ्याण्णव किलो होतं. चार महिन्यांत मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटले. तिसऱ्या वेळी चाक घेऊन गेलो तेव्हा धर्मेंद्र दुकानात नव्हता. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, मी कोणती चाकं घ्यायला पाहिजे होती.

तिनं हातातलं काम न थांबवता सांगितलं. ग्राहकाचं वजन, त्याचा रस्ता आणि त्याच्या सायकलचा ब्रेक, एवढं कळलं की अर्धी निवड तिथंच होते. नागपुरात सिमेंटचे रस्ते, दर दहा पावलांवर जोड. त्यावर बारीक टायर दगडासारखा फुगवून चालवला, तर हादरा स्पोकांना आणि पाठीला. माझ्यासारख्याला साधी ॲल्युमिनियमची रिम, बत्तीस स्पोक आणि थोडा रुंद टायर पुरेसा होता. उंच रिम वर्धा रोडच्या मोकळ्या वाऱ्यात नुसती हलते. आणि ज्या सायकलचा ब्रेक थेट रिमवर घासतो, तिला कार्बनची रिम लावून घाट उतरायचा असेल तर रिम चांगल्या बनावटीचीच पाहिजे, कारण ती तापते.

"मग लोक ही उंच चाकं घेतात कशाला?"

"फोटोत चांगली दिसतात. आन् चालताना घुं घुं आवाज येते."

त्यानंतर मी अधूनमधून तिच्याशी बोलत बसायचो. तिच्याबद्दल जे ठाऊक आहे ते या अशा गप्पांतून.

तिचे वडील धम्मानंद यांचं नागपूरच्याच इंदोरा वस्तीत रिक्षादुरुस्तीचं ठाण होतं. दुकान म्हणायचं नाही, भिंतीला टेकवलेली ताडपत्री, एक पेटी, हवेचा पंप. रिक्षाच्या चाकावर तीन सवाऱ्या आणि गव्हाचं पोतं बसायचं. असलं चाक उभं करायचं तर प्रत्येक स्पोक सारखा ताणलेला हवा. उन्नती शाळेतून आली की वडिलांसमोर बसून स्पोक बोटानं छेडून आवाज ऐकायची. अकराव्या वर्षी तिनं सगळे स्पोक लावून पहिलं चाक एकटीनं भरलं. पुढं ई-रिक्षा आल्या आणि दोन-तीन वर्षांत ठाण बसलं. धम्मानंदांचे गुडघेही गेले. उन्नतीनं आयटीआयमधून फिटरचा कोर्स केला, मिहानमधल्या एका कारखान्यात कंत्राटावर राहिली, कंत्राट संपलं आणि मग या दुकानात लागली. आठ वर्षं झाली होती. शहरातल्या डॉक्टर, बिल्डर, इंजिनियर लोकांची चाकं तिच्या हातून गेलेली, पण बिलावर आणि ग्रुपवर नाव फक्त धर्मेंद्रचं.

घाणीची तिला किळस नव्हती. घामानं कुजलेली हँडलची टेप ती उघड्या हातानं सोलायची. चिखल, ग्रीस, सायकलवाले वाटेत खातात त्या गोड जेलच्या चिकट पाकिटांचा लगदा, सगळं पुसायची. तिला शिसारी यायची ती वेगळ्या गोष्टीची. धर्मेंद्र गिऱ्हाइकाला ज्या आवाजात 'अपग्रेड' म्हणायचा, त्या आवाजाची. जुन्या चाकाला नवा स्टिकर चिकटवून 'इम्पोर्टेड पीस' म्हणून पुढं करायचा त्याची. आणि तिनं मला सांगितलं, सगळ्यांत जास्त स्वतःची, कारण तो स्टिकर सरळ चिकटवायला तिलाच बसवलं जायचं आणि ती चिकटवायची.

यंदाच्या फेब्रुवारीत एका गिऱ्हाइकानं कार्बनच्या चाकांची जोडी परत आणली. खड्ड्यात आपटली होती. उन्नतीनं मागच्या रिमवर रुपयाचं नाणं वाजवत नेलं. धड कार्बनचा आवाज टणटणीत येतो. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर आवाज एकदम मेला, लाकडावर टिचकी मारल्यासारखा. तिथं केसाएवढी चीर होती. धर्मेंद्रनं त्या माणसाला नव्या जोडीवर सूट दिली आणि जुनी ठेवून घेतली, 'भंगारात टाकतो' म्हणून. उन्नतीनं बाहेरून चिरेवर पांढऱ्या पेननं फुली मारली. तिला सवय होती म्हणून, टायरच्या आत रिमला जी पट्टी असते ती उचलून, तिच्याखालीही लिहिलं, 'मागचं. चीर. १४ फेब्रु. उ. सो.' आणि चाक मागच्या खोलीत टांगलं.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, धर्मेंद्रनं तिच्यासमोर एक जोडी ठेवली. लाल झगझगीत स्टिकर, रिम काळीभोर चमकत होती. "याले टायर चढव. मेघा मॅडमची आहे. संध्याकाळी नेणार आहे."

मेघाला ती ओळखत होती. मौद्याची मुलगी, चोवीस-पंचवीसची, मिहानमधल्या एका कंपनीत कामाला, इथं खोली करून राहणारी. जुनी रोड बाईक विकत घेतलेली, रिमवर घासणाऱ्या ब्रेकची. आमच्या ग्रुपमध्ये नुकतीच आली होती आणि पुढच्या महिन्यात ग्रुपबरोबर चिखलदऱ्याला जाणार होती. वर चढायचं आणि परतवाड्याच्या बाजूनं घाट उतरायचा.

उन्नतीनं टायर हातात घेतला आणि तिला वास आला. चकाकी आणणाऱ्या लॅकरचा ताजा, गोडसर, घशात बसणारा वास. नवीन चाकाला तो येत नाही. तिनं नाणं फिरवलं. लाल स्टिकरखाली आवाज मेला. तिनं रिमची आतली पट्टी उचलली. खाली तिचंच अक्षर होतं.

तिनं नखानं स्टिकरचं टोक उचललं. चिरेत झटपट सुकणारा गोंद भरून वरून घासला होता, काळा लॅकर मारला होता. गोंदाचा एक पिवळट थेंब कडेला सुकून राहिला होता. ती मला म्हणाली, त्या थेंबाकडे बघवेना. तोंडात पाणी सुटलं आणि तिला मागच्या मोरीपाशी जाऊन उभं राहावं लागलं.

मग ती चाक घेऊन काउंटरपाशी गेली.

"धर्मेंद्रभाऊ, हे तेच चाक आहे."

"कोणतं तेच?"

"चौदा तारखेचं. माझं लिहिलेलं आहे आतमधी."

त्यानं आत पाहिलं, मग दरवाजाकडे पाहिलं. "मंग पुसून टाक."

"ते पोरगी घाट उतरणार आहे याच्यावर. रिमवरच ब्रेक आहे तिचा."

"पन्नास किलोची पोट्टी आहे ते. काही नाही होत. आन् झालंच तर म्हणू, ब्रेक लय दाबला." त्यानं आवाज उतरवला. "तू कायले टेन्शन घेऊन राहिली? या महिन्यात तुले दोन हजार जास्तीचे टाकतो."

उन्नतीनं चाक काउंटरवर ठेवलं. "मी नाही चढवत."

"नको चढवू. मी चढवतो."

आणि ती घरी निघून गेली. हे सांगताना ती दर वेळी इथं थांबते. चाक तिथंच ठेवून ती निघून गेली. नोकरी जाईल, घरात वडिलांची औषधं आहेत, असं काहीसं डोक्यात होतं म्हणते, पण खरं म्हणजे तिला तिथून फक्त बाहेर पडायचं होतं.

घरी तिनं साबणानं तीनदा हात धुतले. तिच्या आईनं, कौशल्याबाईंनी, ताट वाढलं. दोन घास खाऊन तिनं बाजूला सारलं. धम्मानंद खुर्चीतून बघत होते.

"काय झालं?"

तिनं सांगितलं. ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

"मंग त्या पोरीले सांगतलं का?"

"नंबर नाही माझ्यापाशी. दुकानाच्या फोनमधी आहे."

"कुठी भेटन ते?"

"रविवारी. फुटाळ्यावर जमतात सारे."

"मंग जा," धम्मानंद म्हणाले आणि टीव्हीकडे वळले.

रविवारी सव्वापाचला आम्ही अकरा जण फुटाळा तलावाच्या काठावर जमलो होतो, कोंढाळीपर्यंत जाऊन यायचं होतं. ग्रुपचे प्रमुख गोपाळराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, साठीतही सडपातळ, शिस्तीचा माणूस. मेघा नव्या चाकांचे फोटो काढून घेत होती. तेवढ्यात उन्नती तिच्या जुन्या लोखंडी सायकलवरून घामाघूम होऊन आली. इंदोऱ्यापासून दामटत आली होती.

ती सरळ मेघाजवळ गेली. "ताई, मागचं चाक काढा. त्याच्यात चीर आहे."

मेघा आधी हसली, मग तिच्याकडे बघून थांबली. गोपाळराव पुढं आले. "काय प्रकार आहे हा? आम्हाले निघायचं आहे, उन्नती."

"पाच मिनिटं द्या सर."

"धर्मेंद्रनं स्वतः चेक करून दिलं आहे. तू भांडून आली का त्याच्याशी?"

"हो."

"मंग ते भांडण दुकानात कर नं."

मेघानं मध्येच सायकल उलटी केली आणि चाक सोडवून उन्नतीच्या हातात दिलं. कोणी मदत केली नाही, मीही नाही. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून उन्नतीनं हवा सोडली, टायर उतरवला, पट्टी उचलली. मोबाइलच्या उजेडात आम्ही सगळ्यांनी वाचलं. धर्मेंद्रनं पुसायचेही कष्ट घेतले नव्हते. मग तिनं स्टिकर ओढून काढला आणि अंगठ्यानं दाबलं. चीर उघडली आणि मिटली, ओठांसारखी. मेघा रस्त्यावर खाली बसली.

आता सगळे चिडतील असं मला वाटलं. त्याऐवजी कोणीतरी म्हणालं, "जरा माझंही बघ." मग एकेक जण आपलं चाक पुढं करायला लागला. आमच्यापैकी सात जणांकडे कार्बनची चाकं होती. उन्नती प्रत्येक चाकावर नाणं वाजवत गेली. पहाटेच्या शांततेत ते टण टण टण सगळ्यांना ऐकू येत होतं. मेघाचं सोडून आणखी तीन चाकांवर ते मध्येच मेलं. त्यांतलं एक माझं होतं.

आमच्यातला दातांचा डॉक्टर वाकून आपल्या रिमकडे बघत म्हणाला, "पण वरून दिसत नाही ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मला त्याची किळस यायला हवी होती, आणि आलीही, पण त्याआधी नेमकं तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं.

गोपाळराव घसा खाकरून म्हणाले, "हे आपल्या आपल्यात ठेवा. ग्रुपवर टाकू नका कोणी. बऱ्याच जणांच्या जोड्या दुकानात विक्रीला आहेत. नाव खराब झालं तर भाव पडते साऱ्यांचाच."

"सर, घाटात फुटलं असतं तर हे पोरगी मेली असती," उन्नती म्हणाली.

"नाही मेली नं. चला, उशीर झाला."

आणि ते खरंच निघाले. ज्यांची चाकं धड होती ते सातजण कोंढाळीला गेले, संत्र्याच्या बागेपाशी त्यांनी फोटो काढला आणि तो आठ वाजता ग्रुपवर आला. मी, डॉक्टर आणि तिसऱ्या चाकाचा मालक आपापल्या घरी परतलो. मेघाची सायकल उन्नतीनं आपल्याबरोबर ढकलत, खरं म्हणजे उचलत, ऑटोपर्यंत नेली.

दुपारी धर्मेंद्रनं ग्रुपवर लिहिलं, की उन्नती सोमकुवर हिला स्पोक आणि बेअरिंग चोरल्याबद्दल कामावरून काढलं आहे, सदस्यांनी तिच्याशी व्यवहार करू नये. खाली अंगठे उमटत गेले. गोपाळरावांचा अंगठा तिसरा होता. मी काही टाकलं नाही, आणि त्याला त्या दिवशी मी प्रामाणिकपणा समजत होतो.

मेघा मात्र दुकानात गेली आणि काउंटरसमोर खुर्ची टाकून बसून राहिली, गिऱ्हाइकांसमोर, चिरलेलं चाक मांडीवर घेऊन. दीड तासानं तिचे पैसे परत मिळाले.

मी काय केलं तेही सांगायला हवं. मी माझी जोडी धुतली, गॅलरीत उन्हात ठेवली आणि चांगल्या बाजूनं फोटो काढले. जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर जाहिरात लिहिली, 'फार कमी वापरलेली, स्थिती उत्तम.' दोन तासांत अमरावतीहून एकाचा फोन आला. त्यानं एकच विचारलं, "दादा, काही लपलेलं तर नाही ना?" मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडाला कडू चव आली. मी फोन ठेवला. जाहिरात काढून टाकली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही, बायकोला वाटलं पित्त झालं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी ते चाक घेऊन इंदोऱ्याला गेलो. उन्नतीनं घराच्या पुढच्या खोलीत काम मांडलं होतं. भिंतीला आठ-दहा ॲल्युमिनियमच्या रिमा, डब्यांत मापाप्रमाणे स्पोक. दवाखान्यातले वॉर्डबॉय, पेपरवाले, दोन-तीन शाळकरी मुलींचे बाप, असे गिऱ्हाईक होते. रोड बाईकवाली एकच, मेघा. तिची जोडी उन्नतीनं भरून दिली होती, अठ्ठावीस स्पोकांची, आणि ती चिखलदऱ्याला आमच्या ग्रुपबरोबर न जाता अकोल्याच्या दोन मैत्रिणींबरोबर जाऊन आली होती.

मी चाक पुढं केलं. "याचं काय करू?"

तिनं तोंडाला बांधायला ओलं फडकं दिलं आणि हातात करवत ठेवली. "कापा. मी नाही कापून देत."

अंगणात, धम्मानंदांच्या देखत, मी साठ हजारांची रिम कापली. कार्बन लवकर कापला जात नाही. काळी भुकटी उडते, ओल्या फडक्यावर बसते आणि जळक्या राळेसारखा वास येतो. चिरेपाशी करवत गेली तेव्हा आतले थर वहीच्या भिजलेल्या पानांसारखे सुटून आले. यावर बसून मी वर्षभर अमरावती रोडनं ट्रकांच्या बाजूनं गेलो होतो.

काम झाल्यावर मी धर्मेंद्रचा निरोप सांगितला. त्याला मेकॅनिक मिळत नव्हता. जुन्या चाकांवर 'तपासलेलं' अशी चिठ्ठी लावायची आणि खाली उन्नतीनं सही करायची, पगार दीडपट, असं त्यानं मला फोन करून कळवायला सांगितलं होतं.

उन्नती भुकटी गोळा करत होती. "तुम्ही हा निरोप आणलाच काहून, सर?"

मी करवत पुसून तिच्याजवळ ठेवली. तिनं भुकटी कागदात बांधली.

मग ती म्हणाली, "त्या डॉक्टरचं चाक कुठं गेलं?"

ते मला ठाऊक होतं. डॉक्टरनं ते भुसावळच्या एकाला विकलं होतं, जाहिरातीखाली त्या घेणाऱ्यानं आपला नंबर टाकला होता. उन्नतीनं माझ्याच फोनवरून तो लावला आणि स्पीकरवर ठेवला. मी ओळख सांगितली, चाकाबद्दल सांगितलं. पलीकडचा माणूस आधी घाबरला, मग त्याचा आवाज सैल पडला.

"अच्छा, ते होय," तो म्हणाला. "ते तर मी मागच्याच आठवड्यात काढून टाकलं. माझ्याही लक्षात आलं होतं थोडं. नाशिकचा कोणी होता, कुरियरनं पाठवलं."

"त्याचा नंबर द्या," उन्नती म्हणाली.

"कशाला उगीच. व्यवहार पूर्ण झाला आहे," असं म्हणून त्यानं फोन बंद केला. पुन्हा लावला तर तो लागला नाही.

उन्नतीनं फोन माझ्या हातात दिला. ती उठली, ओसरीच्या कडेपर्यंत गेली आणि गटारात थुंकली. मग परत येऊन तिनं मला नाशिकच्या सायकलवाल्यांचे जेवढे ग्रुप सापडतील तेवढे शोधायला सांगितले, आणि डॉक्टरच्या जाहिरातीतल्या फोटोवरून त्या चाकाचा नंबर कागदावर लिहून घेतला. आजपर्यंत आम्ही 'या नंबरचं चाक वापरू नका, चीर आहे' असं नऊ ठिकाणी टाकलंय. एका ठिकाणाहून उत्तर आलं, 'जोडी अजून विकायची आहे का?'